उलटी पाचर

“ब्रेक दाबा, मालक. सोडू नका!” देवाजी मिस्त्री ट्रकखालून ओरडला.

दाबला. ट्रक माझा, आणि या माणसाने मलाच कामाला लावलं होतं! चौऱ्याहत्तरचा मे महिना, कामठी रोडवरचं त्याचं टिनाचं शेड, वर पत्रा नुसता भाजत होता.

भांडण असं होतं. पुढची चाकं थरथरतात म्हणून माझा ड्रायव्हर धोंडबा आठवडाभर कटकट करत होता. मी तोंडाचा फाटका. चारचौघांत म्हणालो, “गाडी नाही, तुझे हात थरथरून राहिले. म्हातारा झाला गा तू.” सोळा वर्षांपासून माझ्याकडे असलेला ड्रायव्हर, पण उद्यापासून दुसरा ठेवणार होतो. देवाजीने एकदा ‘गाडी ठीक आहे’ म्हणावं, एवढ्यासाठी आलो होतो. धोंडबा दाराशी मान खाली घालून बसला होता.

देवाजीने आधीच गाडी रस्त्यावर फिरवून आणली होती, मला शेजारी बसवून. काटा चाळीसच्या वर गेला तसा म्हणाला, “आता स्टेरिंग तुमी धरा.” धरलं, तर बाप रे! खांद्यापर्यंत हात हलले.

आता जॅकवर उचललेलं चाक तो वर-खाली हलवत होता. बेअरिंग ढिलं असलं तर ब्रेक दाबल्यावर खटका थांबतो म्हणे. इथे खटका नव्हताच. चाक फिरवून त्याने खडू धरला, रेघ सारखी उठली, म्हणजे चाक वाकडं नव्हतं. मग मला स्टेअरिंग हलवायला सांगून दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या सांध्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. पिकला का म्हणून आंबा बघावा तसा.

“इथं काई नाही.” तो अॅक्सलवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे सरकला, हात घातला आणि थांबला. “मालक, पाटे कवा बदलले?”

“मागच्या आठवड्यात. दुसरीकडं.”

“अॅक्सलवरची पाचर उलटी बसवली. जाड तोंड पुढं पाह्यजे, मागं केलं. बोटभर लोखंड, पण चाकं नाचून राहिली ना!”

पाटे बदलले त्या दिवशी तिथला मिस्त्री ती पाचर फिरवून फिरवून बघत होता, आणि त्याच्या डोक्यावर उभा राहून मीच ओरडलो होतो, “बसव कशीबी, उशीर होऊन राहिला!”

आणि हा माणूस मिटल्या डोळ्यांनी तिथवर पोचला! खरं सांगतो, त्याच्या त्या काळ्या हातांना हात जोडावेसे वाटले.

देवाजीने पाचर सुलटी बसवली आणि दुपारी धोंडबाने गाडी काढली. चाळीस, पन्नास. स्टेअरिंग जागचं हललं नाही.

“चुकलो गा मी, धोंडबा,” मी म्हणालो. “पाटे बसवताना घाई मीच केली.”

तो रस्त्याकडेच बघत राहिला. “मलेबी वाटलं मालक, हातच गेले आपले. घरी दीड महिन्याची नात आहे. पडन म्हून आठ दिवस उचललं नाही तिले.”

त्याचं घर आलं तेव्हा मीच गाडी थांबवायला लावली. तो उतरला. नळावर बसून कोपरापर्यंत हात घासले, धोतराला पुसले, पुन्हा एकदा साबण लावला. मग दारात वाकून आत गेला.