शाळेचा एकच मेल

“कोड आला का, सर?” चंद्रकलाबाईंनी पुन्हा विचारलं.

मुख्याध्यापक वाल्मिक सरांनी सावकाश मोबाईल काढला. “आला, आला. पळून नाय जात तो.”

किन्हवलीजवळच्या त्या खाजगी अनुदानित शाळेत हजेरी ऑनलाइन झाली, तेव्हा प्रत्येक शिक्षकाला स्वतःचं लॉगिन हवं, असा हुकूम आला. लिपिक पंकजने एका दुपारी सगळी लॉगिनं उरकली आणि सगळ्यांच्या लॉगिनला शाळेचाच मेल जोडला. तो मेल उघडायचा सरांच्या मोबाईलवर. पासवर्ड बदलायचा कोडही तिथंच. वर्गात कधी धड फळा न भरलेला हा माणूस कोड मात्र तीर्थ दिल्यासारखा द्यायचा.

सकाळी वाशिंदच्या वीटभट्टीजवळच्या शाळेतून सरिताबाईंचा फोन आला होता. “बाई, तुमची रविना आई-बापाबरोबर इकडं आलीय. पण तुमच्याकडं हजर दिसते. माझ्याकडं नावच चढत नाय. नावाशिवाय पुस्तक कुठनं देऊ?”

बाईंनी तर रविनाला गैरहजर लावलं होतं. तपासायला गेल्या, तर पासवर्ड चालेना.

आता कोड घालून त्यांनी पाहिलं. काल रात्री एकदमच बदललेलं : आठवडाभर रविना हजर. हजेरी लावणारे शिक्षक : चंद्रकलाबाई.

“सर, हे तुमी केलंत?”

“पट कमी झाला तर एक शिक्षक जाईल. तुमच्यासाठीच केलं.”

“मग तुमच्या लॉगिननं करायचं.”

“माझ्या कसं? वर्ग तुमचा.” सर हसले. “आपण एक कुटुंब आहोत, बाई.”

“हो ना. पाप सासऱ्याचं, नाव सुनेचं.”

पंकजने मान खाली घालून संगणक पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

बाईंनी तिथूनच केंद्रप्रमुखांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून जांभईसारखा आवाज आला, “दुसऱ्या कुणी लावली म्हणता, तर चौकशी बसेल. चौकशी होईपर्यंत नाव अडकून राहील.”

“किती दिवस?”

“ते कसं सांगणार? तुम्ही स्वतः चूक कबूल केलीत, तर आज नाव मोकळं करतो. तुमच्या सेवापुस्तकात शेरा येईल एवढंच.”

चौकशी संपेपर्यंत भट्टी थंड होईल, पोरीचं वर्ष जाईल, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस; पण खरं बोलायची वेळ आली की त्याला पंखा दिसतो.

“लिहा,” बाई फोनवर म्हणाल्या. “चूक माझी. पोरीचं नाव सोडा.”

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. “चहा सांगू का, बाई?”

“नको. तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको.”

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई वाशिंदला गेल्या. पत्र्याच्या खोलीत रविना पहिल्या रांगेत बसली होती. बाईंना बघताच तिने पुस्तक छातीशी घट्ट धरलं.

“परत न्यायला आल्या का तुमी?”

“नाय गो. वाचून दाखव मला.”

रविना वाचू लागली. अक्षराखालून तिचं बोट सरकत होतं. भट्टीच्या मातीने भरलेल्या त्या बोटाची तांबडी रेघ नव्याकोऱ्या पानावर उमटत गेली. सरिताबाई फडकं घेऊन उठल्या. चंद्रकलाबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “ओळ पुरी होऊ दे तिची.”