इंजिनाला अभिषेक

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोलापूरच्या एका गिरणीतल्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या घराच्या बाल्कनीत बसून घडवली. त्यांचे वडील त्या मोठ्या इंजिनाला तेल घालायचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी काम सुरू केलं आणि ते संपत आलं तेव्हा त्यांची दृष्टी गेली. शेवटचे स्क्रू त्यांच्या सांगण्यावरून मी बसवले. आता ते इंजिन वाफेवर चाललेलं त्यांना एकदा ऐकायचं होतं. त्यासाठी त्यांनी अवजारांच्या पूजेचा दिवस धरला, खंडेनवमी.

माझा धाकटा भाऊ विलास याने इथल्या मराठी मंडळातली माणसं बोलावली. सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी झडप सगळ्यांना दिसावी म्हणून अण्णांनी तिचं झाकण उघडं ठेवायला लावलं होतं. ते शर्ट बदलायला गेले, मी चहा टाकायला. मी बाहेर आले तर शेजारच्या हेमलताकाकूंच्या हातात रिकामी वाटी. झडपेवर दही, मध आणि केळ्याचा तुकडा.

"काकू, हे काय?"

"पंचामृत! एवढ्या मेहनतीला नुसतं हळदकुंकू?"

"विलास, पेटवू नकोस. सगळं सुटं करून धुवावं लागेल."

"यार ताई, लोक थांबलेत. आणि पंचामृत आहे ते, तुझ्या लॅबमधलं अ‍ॅसिड नाही."

"दह्यात अ‍ॅसिडच असतं."

"चलो, झाली हिची केमिस्ट्री सुरू!" त्याने माझा हात बाजूला केला, झाकण आवळलं आणि बर्नर पेटवला.

अण्णा येऊन इंजिनाजवळ बसले, कान पुढे करून. थोड्या वेळाने करपलेल्या दुधाचा वास सुटला. चाक अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. दट्ट्याच्या दांड्याभोवतून तपकिरी, गुठळ्यांचा फेस बाहेर आला.

"इंजिनानं प्रसाद दिला!" काकू ओरडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका गृहस्थांनी तो फेस बोटावर घेऊन चाटला.

"टाळ्या कशाच्या?" अण्णांनी विचारलं. "चाललं का?"

"बिल्कुल, अण्णा! मस्त चाललं!" विलास म्हणाला.

मी बर्नर विझवला आणि अण्णांचा हात धरून चाकावर ठेवला. चाक हलत नव्हतं. त्यांनी ते ढकलून पाहिलं. मग बोटं नाकाशी नेली.

"दही?"

"हो."

इस्त्रीच्या शर्टाला त्यांनी बोटं पुसली, पुन्हा पुन्हा, वास गेल्यावरही.

"अलके," ते म्हणाले, "आधी माणसं बाहेर काढ. मग धुवायला रॉकेल आण."