उजव्या खांद्यातली वस्ती

मी गाठ बोलतेय. दोऱ्यातली नव्हे, आणि डॉक्टरांनी नाव घेताच घर गप्प होतं तसलीही नव्हे. कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या उजव्या खांद्यात, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, वाटाण्याएवढी मी राहते.

माझा जन्म फोनमुळे झाला. तिची आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, आणि दुकान खाली. सकाळी दुकान उघडलं की मायलेकी एकमेकींना फोन लावायच्या, तो संध्याकाळपर्यंत चालूच. हिचे दोन्ही हात कापडावर, म्हणून फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. स्पीकर लावायची सोय नव्हती, कारण आईचं बोलणं गिऱ्हाइकांच्या कानावर पडून चालणार नव्हतं.

"आली का गं ती, माप देताना पोट आत ओढणारी?"

"आई, समोरच उभी आहे."

"मग दोन बोटं सैल ठेव. जेवल्यावर दुवा देईल."

ही हसायची, पण खांदा खाली यायचा नाही. स्नायूने आवळायचं आणि सुटायचं, हा त्याचा धर्म. माझ्या तंतूंना सुटायची वेळच मिळाली नाही. आवळलेल्या जागी रक्त नीट फिरेना, जागा दुखू लागली. दुखतं म्हणून ती खांदा आणखी आखडून धरायची. अशी मी वळत गेले.

एका दुपारी मशीन चालू असताना फोनमधलं बोलणं थांबलं. ती वर धावली, तोवर आई गेली होती.

फोन कपाटात गेला. खांदा मात्र कानाशीच राहिला. कापड बेततानाही ती मान कलती ठेवायची, रिकाम्या जागेवर. मध्येच मशीन थांबवून ऐकत राहायची. कानामागे एक ठणका उठायचा आणि कपाळापर्यंत जायचा. ती डोळे मिटून हळूच म्हणायची, "बोल ना."

मला भीती वाटायची. तिथे कुणी नव्हतं. तो ठणका माझा होता, पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

पुढे हात वर जाईना. कापड कापता कापता कात्री अर्ध्यात थांबू लागली. धाकट्या बहिणीने कोपर रोवून रगडून पाहिलं, तर मी आणखीच घट्ट झाले. शेवटी बहिणीने तिला मालीश करणाऱ्या काकूंकडे ओढत नेलं.

काकूंनी घाई केली नाही. आधी गरम टॉवेल, मग तेलाचा तळवा संथपणे फिरवला. मग अंगठा नेमका माझ्यावर टेकवून त्या थांबल्या.

"कुठे दुखतंय?"

"कानामागे." ती दचकली. "पण तुम्ही तर खांदा दाबताय."

"दुखणं असंच असतं. राहतं एकीकडे, दार वाजवतं दुसरीकडे. ही गाठ सैल झाली, तर ठणकाही जाईल बहुतेक."

ती ताडकन उठून बसली. "मग नको. राहू दे."

"ताई, वेड लागलंय का तुला? हात जाईल कामातून!"

"कानाशी आई आहे माझी. शेवटचं काय म्हणाली, ते मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नाही. पुन्हा बोलली तर?"

काकूंनी तेलाची वाटी खाली ठेवली. "आई बोलक्या होत्या?"

"फार."

"बापरे, फारच," बहीण म्हणाली.

"मग इतके दिवस नुसत्या ठणकत कशाला बसतील? बोलल्या नसत्या का?"

बहिणीला हसू फुटलं. हिलाही आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. पहिल्यांदाच खांदा थरथरला. मग ती आपण होऊन पालथी झोपली.

तेव्हापासून ती काकूंकडे येते. आता मी बरीच मऊ झालेय. आजही अंगठा माझ्यावर टेकलाय, ती लांब श्वास सोडतेय, आणि माझा एकेक तंतू सुटतोय.

मी जाईन. पण मी गेले की त्या कानाशी नुसती शांतता उरेल, आणि ती तिने अजून ऐकलेली नाही. धाकटे, त्या दिवशी दुकानात येऊन बस. काही बोलली नाहीस तरी चालेल.