डॉर्कसचा मुलगा

एनिडने चर्चची जुनी नोंदवही टेबलावरून भावाकडे सरकवली आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एका ओळीवर खूण केली.

"वाच."

क्लेमंटने चष्मा काढलाच नाही खिशातून. "एवढ्यासाठी मला चाळीस मैल गाडी हाकायला लावलीस?"

"वाच ना. तुला तर कसलंही अक्षर लागतं. बाबा जगभर सांगत फिरायचे."

जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात मोठ्याने बोलायची बंदी होती, म्हणून दोघं कुजबुजत भांडत होती. समोरच्या उंच मेजामागे बसलेल्या मिस पॉगसननी एकदा मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या चिठ्ठ्यांत घातली.

"नाही वाचत? मग मी वाचते. मे, सतराशे अडुसष्ट. नेथन, डॉर्कस स्टॅनर्ड हिचा अनौरस मुलगा. बापाचं नाव नाही. कोरं." एनिड खुर्चीत मागे रेलली. "आणि तुझ्या पुस्तकात काय छापलंयस? नेथन, जोसाया स्टॅनर्डचा धाकटा मुलगा. जोसाया त्याचा आजा होता, क्लेमंट. आजा! आईला तू पुसूनच टाकलंस."

एल्डरविकच्या स्टॅनर्ड घराण्यावरचं क्लेमंटचं पुस्तक दोन वर्षांपूर्वी निघालं होतं. हिरव्या पुठ्ठ्याचं, शंभर पानांचं. बापामागून मुलगा, मुलामागून नातू, चारशे वर्षं कुठेही खंड नाही. त्यांचे वडील एडगर स्टॅनर्ड शेवटच्या आजारपणात ते उशाशी ठेवून झोपत. ते फेब्रुवारीत गेले. आता येत्या रविवारी गावच्या चर्चमध्ये त्याच नावांची संगमरवरी पाटी बसायची होती. अकरा पुरुष, आणि तळाशी एडगर. पाटीची कल्पना क्लेमंटची, मजकूरही त्याचाच. एनिडला फक्त किती वाजता यायचं ते कळवण्यात आलं होतं.

"रविवारी पाद्रीसाहेब विचारतीलच, घरच्या कोणाला काही बोलायचं आहे का," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

"काय बोलणार आहेस?"

"हेच. की पाटी खोटी आहे. तुझं घराणं सतराशे अडुसष्टमध्येच तुटलं. पुढचे सगळे, तू, मी, बाबा, एका बिनलग्नाच्या पोरीची अवलाद आहोत. आणि तिचं नाव पाटीवर नाही."

"तुला डॉर्कसचा कळवळा नाहीये, एनिड."

"नसेल. मग?"

कळवळा कोणाचा होता हे दोघांनाही ठाऊक होतं. लहानपणी दर शनिवारी बाबा क्लेमंटला सायकलच्या दांड्यावर बसवून गावोगावच्या चर्चमध्ये न्यायचे. थडगी वाचायला, नोंदवह्या उतरवायला. पावाचे चार तुकडे बरोबर असायचे, दोघांचे दोन-दोन. एनिड फाटकापर्यंत धावत जायची. मुलींना कंटाळा येतो, बाबा म्हणायचे. पुढे तेच बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा चार वर्षं त्यांचं हगणं-मुतणं काढायला हीच मुलगी होती. तेव्हा तिला कंटाळा येईल का, हे कोणी विचारलं नाही. क्लेमंट महिन्यातून एकदा यायचा, बाबांशी तासभर थडग्यांबद्दल बोलायचा आणि चहा पिऊन निघायचा.

"तू हे पाहिलंच नव्हतंस असं सांगू नकोस मला," एनिड म्हणाली. "वरची आणि खालची ओळ उतरवलीयस. मधली तेवढी सुटली?"

"पाहिलं होतं."

"मग लाज वाटली."

"नाही." त्याने आता चष्मा काढला, पुसला, लावला. मग उठून मिस पॉगसनकडे गेला आणि एक चिठ्ठी भरून दिली. परत येऊन बसला. एनिडने दोनदा काहीतरी विचारलं; तो खिडकीबाहेर बघत राहिला. वीस मिनिटांनी मिस पॉगसननी एक चपटी पेटी आणून ठेवली आणि हात स्वच्छ आहेत ना, असं दोघांनाही शाळेतल्यासारखं विचारलं.

आत एकच कागद होता, चार घड्यांचा, कडेला तपकिरी झालेला.

"जोसायाचं मृत्युपत्र," क्लेमंट म्हणाला. "सतराशे एकोणऐंशी. हे तू मागवलं नव्हतंस."

"नोंदवहीत जे हवं ते मिळालं मला."

"हो ना. शोधणारी मंडळी अशीच असतात. हवं ते मिळालं की पेटी बंद. वाच, पाचव्या ओळीपासून. मोठ्याने."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. वाच."

अक्षर किचकट होतं. ती अडखळत, बोट हवेत धरून वाचू लागली. "मी, जोसाया स्टॅनर्ड, गाडीची चाकं करणारा, अंगाने थकलेला परंतु बुद्धीने शाबूत... माझी मुलगी डॉर्कस हिचा मुलगा नेथन, ज्यास मी माझ्या घरी वाढवलं... त्यास मी माझा मुलगाच मानतो आणि सर्वांनी तसंच मानावं. माझी सगळी हत्यारं त्याला. आणि त्याच्या जन्मावरून जो कोणी त्याला घालून-पाडून बोलेल, तो माझ्या रक्ताचा असला तरी त्याला... फुटकी कवडी मिळू नये."

ती थांबली.

"बाबांनी मला हेच वाचायला लावलं होतं," क्लेमंट म्हणाला. "मी पंधरा वर्षांचा होतो. मीही असाच अडखळलो. ते म्हणाले, पुन्हा वाच. तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, कळलं का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"चारशे वर्षांच्या तारखा चाळल्यास तू. आपल्या आईबापांच्या लग्नाची तारीख कधी पाहिलीस?"

घरात लग्नाचा वाढदिवस कधी झालाच नव्हता. आईला असले थाट आवडत नाहीत, एवढंच एनिडला माहीत होतं.

"ऑक्टोबर एकोणीसशे सदतीस," क्लेमंट म्हणाला. "माझा जन्म मार्च छत्तीसचा. आणि बाबांनी आईला पहिल्यांदा पाहिलं ते सदतीसच्या उन्हाळ्यात, मला कडेवर घेऊन उभी असताना. पाटीवरच्या त्या अकरांपैकी एकाचंही रक्त माझ्यात नाही. तुझ्यात आहे सगळ्यांचं."

मिस पॉगसननी पुन्हा मान वर केली, कारण आता टेबलावरून काहीच ऐकू येत नव्हतं.

"कोणाला ठाऊक आहे?" एनिडने विचारलं.

"बाबांना होतं. आईला अर्थातच. मला माहीत आहे हे आईला माहीत नाही. बाबांनी शब्द घेतला होता. म्हणून ती ओळ पुस्तकात नाही. 'अनौरस' हा शब्द छापलेला पाहून आई काय काय ताडेल, कोण जाणे." त्याने कागदाची घडी सावकाश घातली. "आता रविवारी तुला काय बोलायचं ते बोल."

दया यायला हवी होती, हे एनिडला कळत होतं. पण तिच्या छातीत उसळलं ते वेगळंच. म्हणजे ते शनिवार या मुलाला घराण्यात घेण्यासाठी होते. आणि जी आधीच घराण्यातली होती, ती फाटकापाशी उभी.

"मलाही न्यायला हवं होतं त्यांनी," ती म्हणाली.

"हो, न्यायला हवं होतं," क्लेमंट म्हणाला. पण ते त्याने कोट चढवत म्हटलं, आणि तिच्यासाठी न थांबता गेला.

रविवारी चर्च अर्धं भरलं होतं. पहिल्या बाकावर आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची ऑलिव्ह स्टॅनर्ड, निळी टोपी घालून. तिच्या शेजारी क्लेमंट. पाटीवरचं कापड निघालं, प्रार्थना झाली, आणि पाद्रीसाहेबांनी विचारलं, घरच्यांपैकी कोणी बोलणार का.

एनिड उठली. क्लेमंटने वर पाहिलं नाही. बुटांकडे बघत राहिला.

"मी भाषण करणार नाही," ती म्हणाली. "आमच्या एका पूर्वजाचं मृत्युपत्र आहे, सतराशे सत्याण्णवचं. त्यातल्या चार ओळी वाचते. बाबांच्या आवडीच्या होत्या."

तिने वाचलं, न अडखळता. माझा मुलगाच मानतो आणि सर्वांनी तसंच मानावं. घालून-पाडून बोलणाऱ्याच्या ओळीला मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. नोंदवहीतल्या ओळीबद्दल ती काही बोलली नाही. हे तिने मनाच्या मोठेपणाने केलं की खुन्नस काढायला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऑलिव्हबाई समोर पाटीकडे बघत बसल्या होत्या. "हे एडगरच्या आवडीचं होतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं. कमी ऐकू येत असल्याने त्यांचं हळू बोलणंही तीन बाकांपर्यंत पोचायचं.

"हो, आई," क्लेमंट म्हणाला.

"तुला कधी वाचून दाखवलं त्यांनी?"

"मी वाचलं. पंधरा वर्षांचा होतो."

ऑलिव्हबाईंनी उजव्या हातातला हातमोजा बोट बोट सोडवून काढला, आणि उघडा हात मुलाच्या बाहीवर ठेवला. पुढची दोन्ही गाणी होईपर्यंत तो तिथेच होता.

नंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. एनिड किटलीपाशी उभी राहून कप भरत होती, नेहमीप्रमाणे तीच. क्लेमंट रांगेत आला. डोळे लाल होते आणि चेहरा भांडायला आल्यासारखा.

"सतराशे सत्याण्णव म्हणालीस," तो म्हणाला. "एकोणऐंशी आहे. सगळ्या गावासमोर अठरा वर्षांची चूक."

एनिडने त्याचा कप काठोकाठ भरला. बशीत सांडलं तरी थांबली नाही.

"मग पुढच्या आवृत्तीत बरोबर छाप," ती म्हणाली, आणि त्याच्या मागच्या माणसासाठी कप उचलला.