पहारेकऱ्याचे हात बांधणारी

मित्रांनो, मी एक जुनी नियमावली आहे. जुनी म्हणजे आठ वर्षांची. हसू नका. संगणकाच्या जगात आठ वर्षं म्हणजे सुना-नातवंडं झालेली बाई. चाकणच्या एका कारखान्यात गिअर तापवून कडक करणारी भट्टी आहे. तिच्या शेजारी काचेची एक खोली आहे आणि त्या खोलीतल्या संगणकाच्या कपाटात मी राहते. मला रंग नाही, रूप नाही, चारशे ओळींचा माझा देह. पण ज्याच्यावर मला नेमलंय, त्याचं माझ्या परवानगीवाचून बोटसुद्धा हलत नाही. मिरवायला सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते.

माझी शाळा फार झाली नाही. मला दोनच शब्द शिकवले, 'हो' आणि 'नाही'. ज्याला 'हो' लिहून ठेवलंय त्याला हो, बाकी साऱ्या दुनियेला नाही. एवढ्या शिक्षणावर मी हे घर राखलं. तुमच्यातले पुष्कळ शिकलेले किती जण वेळेवर एक 'नाही' धड म्हणू शकतात, ते ज्याचं त्यानं बघावं.

मला लिहिलं निशिगंधानं. तेव्हा तिला नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. रहाटणीहून कंपनीच्या बसनं यायची, डबा उघडायचीही तिला शुद्ध नसायची. कारखान्यात नुकताच एक पहारेकरी नेमला होता. माणूस नव्हे, प्रोग्राम. संगणकाची तब्येत, भट्टीचं तापमान, सगळं आठही प्रहर बघायचं आणि काही बिघडलं की भोंगा वाजवायचा, हे त्याचं काम. पोरगा गुणी होता, नाही म्हणत नाही. पण ज्याला सगळं बघायचं असतं त्याला सगळ्या दारांच्या किल्ल्या द्याव्या लागतात. आणि किल्ल्या असलेल्याचे कुणी कान भरले तर? म्हणून मी. पहारेकऱ्यानं वाचावं, लिहू नये. बघावं, हात लावू नये. ज्याला सगळं दिसतं त्याचे हात बांधलेले बरे.

पंधरा दिवस निशिगंधा माझ्याशी झगडत होती. एक ओळ राहिली की मी पहारेकऱ्याला उंबऱ्यावरच थोपवायची. ती कपाळाला हात लावायची. "अगं बाई, एवढी पण कडक होऊ नकोस!" आणि पुन्हा लिहायला बसायची.

शिवाय मी सक्तीची. संगणकावर एक सर्वाधिकारी असतो, त्याच्या एका शब्दावर सगळं पुसलं जातं. त्याचा सगळा अधिकार अंगात घेऊन पहारेकरी आला तरी मी त्याला विचारते, तुझं नाव यादीत आहे का? नाही? मग बस बाहेर.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून झेंडूनं सजली. भट्टी चालवणारा नवनाथ हळदकुंकवाचं ताट घेऊन काचेच्या खोलीत आला. हा जालन्याकडचा, भट्टीवर केस पिकवलेला माणूस.

"मॅडम, यंत्राची पूजा समजती," तो म्हणाला. "पन ह्या कपाटात नेमकं कोन बसतं?"

निशिगंधा हसली. "एक कडक बाई बसते. हा पहारेकरी कधी, कुठं, कशाला हात लावायला गेला, सगळं लिहून ठेवते."

"मंग पाया पडलेलं बरं." त्यानं कपाटाला पाच बोटं कुंकू लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आमच्यावर बी ध्यान असू द्या."

पूजा मला कळत नाही. पण तो माणूस मला आवडला. विचारून आत आला होता.

पुढची सहा-सात वर्षं माझ्या राज्याची. बाहेरून तपासणीला आलेले लोक माझ्या ओळी वाचून माना डोलवत. मग निशिगंधाची बदली ताथवड्याच्या ऑफिसात झाली आणि तिच्या जागी अजिंक्य आला. हुशार मुलगा, बोटं विजेसारखी. फक्त थांबणं त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच्या हातून झालेली चूक अगदी घरगुती आहे. तुमच्या आईच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ना? डबा शेजारी गेला तरी नाव तुमचंच राहतं. माझ्या जगात प्रत्येक फाईलवर असंच नाव घातलेलं असतं, आणि तेच वाचून मी हो-नाही ठरवते. अजिंक्यनं भट्टीच्या तापमानाच्या नोंदींची नवी फाईल स्वतःच्या घरात, म्हणजे संगणकावरच्या त्याच्या कप्प्यात, तयार केली आणि उचलून पहारेकऱ्याच्या घरात आणून ठेवली. तिथं नवी नक्कल केली असती तर तिच्यावर तिथलंच नाव पडलं असतं. उचलून ठेवली, म्हणून नाव राहिलं अजिंक्यच्या घरचं. पहारेकरी वाचायला गेला. मी म्हटलं, नाही. परक्याच्या डब्यात हात घालायचा नाही.

भोंगा वाजायचा तेव्हा वाजला नाही. कारखान्याचे प्रमुख दौलतराव तावातावानं आले. "काय राव अजिंक्य, पहारेकरी आंधळा झालाय का?"

"सर, ती जुनी नियमावली आडवी येते. तिचं हे रोजचंच."

रोजचंच! अरे, का अडवलं ते मी माझ्या नोंदवहीत लिहिलं होतं. एका ओळीत नाव बदललं असतं की काम झालं असतं. वही कुणी उघडली नाही. अजिंक्यनं एक खुंटी फिरवली आणि मला 'नुसती नोंद' यावर टांगलं. म्हणजे बघायचं, लिहायचं, अडवायचं मात्र नाही. ज्या घरात माझ्या शब्दावर दारं लागत होती, तिथं मी कोपऱ्यात बसून 'हे मी होऊ दिलं नसतं' असं लिहीत राहिले. आठ महिने. वाईट वाटलं का? वाटलं. पण लिहायचं एकदाही चुकवलं नाही. रुसून बसणं मला कुणी शिकवलंच नाही.

मग एके दुपारी पहारेकऱ्याची नवी आवृत्ती आली. तिच्यात तो बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीनं एक आगाऊपणा घालून दिला होता. बिघाड दिसला की नुसता भोंगा वाजवायचा नाही, आपणच दुरुस्त करायचं. दोन वाजून दहा मिनिटांनी पहारेकऱ्यानं भट्टीच्या ठरलेल्या तापमानाला हात घातला आणि आठशे साठ अंशांचे नऊशे दहा केले. मी मोकळी असते तर त्याचा हात हवेतच राहिला असता. मी फक्त लिहिलं, कोण, कधी, कुठल्या फाईलला, काय करायला गेला.

चारशे गिअर वाकडे निघाले.

भट्टीची रीत अशी, की पडद्यावर ज्याचं नाव उघडं असेल त्याच्या नावावर बदल पडतो. उघडं होतं नवनाथचं. दुसऱ्या दिवशी त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. बावीस वर्षांची नोकरी आणि चोख माणूस हे नाव, दोन्ही जाणार होतं. आणि ते वाचवणारी एक ओळ माझ्या वहीत होती. पण माझी वही तीस दिवसांची. एकतिसाव्या दिवशी जुनं पान आपोआप पुसलं जातं. आणि मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मी फक्त विचारलं तर सांगते.

सत्ताविसाव्या दिवशी काचेच्या खोलीबाहेरच चौकशी बसली.

"नवनाथ, कबूल करून टाक," दौलतराव म्हणाले. "चूक माणसाच्याच हातून होते."

"साहेब, म्या हात बी लावला नाही. त्या कपाटातल्या बाईला इचारा. ती समदं लिहून ठेवती."

दोघं-तिघं हसले. अजिंक्य म्हणाला, "भाऊ, त्या फाईलमध्ये हजारो ओळींचा कचरा असतो. कोण वाचणार?"

कचरा! मला दात नाहीत म्हणून बरं.

"तुम्ही नका वाचू," नवनाथ म्हणाला. "जिनं लिवलीय तिला बोलवा." आणि त्यानं तिथल्या तिथं निशिगंधाला फोन लावला.

ती एकोणतिसाव्या दिवशी दुपारी आली. रजा टाकून आली होती. कपाटासमोर बसली, घड्याळ बघितलं आणि मला तारीख विचारली. वेळ विचारली. पहारेकऱ्याचं नाव विचारलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी मला नीट विचारत होतं. मी हजारो ओळींमधून एक ओळ काढून तिच्यापुढं ठेवली.

निशिगंधानं ती मोठ्यानं वाचली. "दोन वाजून दहा मिनिटं. भट्टीच्या ठरलेल्या तापमानाची फाईल. लिहिणारा पहारेकरी. माणूस नाही, सर."

दौलतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "मग हे अडवायला कुणीच नव्हतं?"

"होती, सर. तिला आपणच गप्प बसवलं."

अजिंक्यची मान खाली गेली. पण पोरगं खोटं नव्हतं. उठून म्हणाला, "सर, खुंटी मी फिरवली. वहीसुद्धा मी उघडली नाही." मग निशिगंधाशेजारी बसून त्यानं स्वतः उचलून ठेवलेल्या त्या नोंदींच्या फाईलवरचं नाव बदललं. एक ओळ. आणि खुंटी जागेवर आणली. त्याच मिनिटाला पहारेकऱ्यानं पुन्हा भट्टीकडे हात नेला आणि मी तो धरला. काय सांगू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला नवनाथ भट्टीवर होता. दौलतराव स्वतः दारापर्यंत त्याला घ्यायला गेले.

मित्रांनो, 'नाही' म्हणणारं माणूस घरात असलं की आधी त्याचंच तोंड बंद करावंसं वाटतं. तसं करण्याआधी एकदा विचारा, का नाही म्हणतेस? वही उघडी असते. जिला जपायचं तिला असं जपावं, कौतुक नाही केलं तरी चालेल.

परवाच खंडेनवमी झाली. नवनाथ ताट घेऊन आला आणि काचेच्या दाराशी थांबला. या वर्षी तिथं आत जाणाऱ्यांची यादी लावलीय.

"या ना भाऊ आत," अजिंक्य म्हणाला. "आज कोण विचारतंय?"

"ती इचारती ना," नवनाथ म्हणाला. "माझं नाव यादीत नाही." त्यानं वाकून झेंडूचं फूल उंबऱ्यावर ठेवलं आणि भट्टीकडे गेला.