सत्त्याण्णव टक्क्यांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठामागच्या पडद्यावर पुरुषभर उंचीचा आकडा झळकत होता : सत्त्याण्णव टक्के. जलमहर्षींनी मंतरलेल्या पाण्याने, म्हणजे दिव्यजलाने, आराम पडलेल्यांचे हे प्रमाण, आणि तेही रीतसर सर्वेक्षणातून निघालेले. पूर्वीचे भोंदू हवेतून वस्तू काढीत. आताचे टक्केवारी काढतात.

"पाण्याला स्मृती असते," जलमहर्षी सांगत होते, "आणि श्रद्धेला मोजमापाचं भय नसतं. शंका असेल त्याने खुशाल विचारावं."

त्यांच्यापुढे काचेची पेटी होती. आराम पडलेल्यांनी आपली औषधे तीत टाकायची होती. रांगेत माझी थोरली बहीण चौथी. मुठीत इन्सुलिनची कुपी. ते सुटले तर काही दिवसांत जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत बजावले होते. पण एवढी माणसे खोटे कशाला सांगतील, या तिच्या प्रश्नापुढे माझे सकाळपासूनचे सारे युक्तिवाद निष्प्रभ ठरले होते.

रांग एकाने सरकली, आणि आमच्या शेजारच्या काकू उठल्या. तीस वर्षे त्यांनी दारोदार हिंडून खानेसुमारीचे अर्ज भरले होते. उत्तराआधी प्रश्न तपासायची त्यांना सवयच होती. त्यांनी सर्वेक्षणाचा कागद वाचून दाखवला : दिव्यजलामुळे आपल्याला किती आराम पडला? थोडा, बराच, संपूर्ण.

मग त्यांनी सांगितले की काल याच दिव्यजल शिबिराच्या प्रतीक्षालयात हाच कागद त्यांनी चाळीस जणांकडून भरून घेतला. फक्त 'दिव्यजलामुळे' खोडून 'खिडकीच्या निळ्या पडद्यामुळे' असे लिहिले. दोघांनी कागद कोरा ठेवला, अडतीस जणांनी खूण केली.

"पडद्याला पंच्याण्णव टक्के मिळाले, महाराज. तुमच्या पाण्याहून दोनच कमी, आणि त्याने काही तपश्चर्या केली नव्हती."

मागे कोणी तरी हसले. एका सेवेकऱ्याने काकूंना खाली बसायला फर्मावले. त्या बसल्या नाहीत. त्याच चाळिसांना त्यांनी दुसरी, बिननावाची चिठ्ठी दिली होती : गेल्या महिन्यात तुमचा त्रास वाढला, कमी झाला, तसाच राहिला, की सांगता येत नाही? कमी झाला म्हणणारे पाच. वाढला म्हणणारे अकरा.

बहीण आता पेटीपाशी पोचली होती.

"अगं, यांच्या कागदावर तू कशावर खूण केलीस?" काकूंनी विचारले.

"थोडा."

"पडला होता?"

"नाही. पण त्याहून कमी लिहायला कागदावर जागाच नव्हती, काकू. आणि यांचा माणूस पेन देऊन समोरच उभा होता."

ती कुपी घेऊन रांगेबाहेर आली. तिच्या मागच्या दोघींनी मात्र आपली औषधे पेटीत टाकली.

म्हणून हे लिहितो आहे. कोणी आकडा पुढे केला, तर आधी प्रश्न मागा. नकार द्यायला त्यात जागा होती का, उत्तर देताना शेजारी कोण उभे होते, आणि जे उपचाराला परत आलेच नाहीत त्यांना कोणी विचारले का, हे पाहा. तो कागद दाखवायला कोणी कचरले, तर तिथून उठा, घरी जा आणि आपले औषध वेळेवर घ्या.