घासाघीस काकांचं बिल

सॉफ्टवेअरवाला यायच्या आधी वहिनींनी टेबल पुसलं, पाण्याचा ग्लास भरून ठेवला. पाण्याचे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकणारं हे दुकान. एरवी इथे दारात आलेल्या विक्रेत्याला कुणी ‘बस’ म्हणत नाही. पण आजचा माणूस वहिनींनी स्वतः बोलावला होता. त्यांचे यजमान, म्हणजे मालक, पुढे गल्ल्यावर बसून माल दाखवतात आणि गिऱ्हाइकाशी गप्पा ठोकतात. हिशेब मात्र सगळा वहिनींचा. मागच्या खोलीत एक जुनाट कॉम्प्युटर, त्यात त्याहून जुनाट हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि ते चालतं फक्त त्याच एका यंत्रावर. म्हणून वहिनीही वर्षानुवर्षं त्याच एका खुर्चीवर.

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला वर्षअखेरीचा हिशेब आडवा आला आणि वहिनी जाऊन पोहोचल्या तोवर नातू पालथा पडायला लागला होता. लेक तेव्हा काहीच बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं! या वेळी ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, जमलं तर ये." ते ‘जमलं तर’ वहिनींच्या जिव्हारी लागलं होतं. सख्ख्या आईला असं बोलवायचं?

म्हणून हा सगळा घाट. सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती घेतली की हिशेब फोनवरही उघडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. मालकांचं मात्र महिनाभर एकच पालुपद, "चाललंय ना नीट? मग कशाला उगाच हात घालायचा?"

सॉफ्टवेअरवाला चटपटीत होता. पाणी पिता पिताच सुरू झाला. "वहिनी, बिल कुठूनही करा. गाडीत बसून करा, स्वयंपाक करता करता करा. आमच्या एक बाई तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून बिलं करत होत्या!"

तो हे मोठ्या कौतुकाने सांगत होता. आणि इतका वेळ तोंड फुगवून बसलेले मालक एकदम खुलले.

"काय सांगता! म्हणजे ही दवाखान्यात बसूनसुद्धा सगळं करू शकेल? अगं, मग घेऊनच टाकू. प्रश्नच मिटला!"

वहिनींना ते चित्र लख्ख दिसलं. मांडीवर बाळ, कानाला फोन, आणि फोनमध्ये मालक : अगं, दोन इंची वॉल्व्हला काय भाव लावू? त्या खुर्चीतून सुटायला निघाल्या होत्या आणि हे दोघे ती खुर्ची त्यांच्या पाठीला बांधून द्यायला निघाले होते. वर कौतुक!

"नको," वहिनी म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच तर बोलावलंत," सॉफ्टवेअरवाला चाचरला.

"बोलावलं. आता नको म्हणतेय. चहा घेणार का?"

त्याने चहा घेतला नाही. तो गेल्यावर मालक उसळले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? महिनाभर माझ्या कानाशी भुणभुण लावलीस!"

"जुनं नीट चाललंय, असं तुम्हीच म्हणता ना? मग जुनंच राहू दे. तुम्ही शिका. मी जाते."

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी आजवर त्या कॉम्प्युटरवरची धूळसुद्धा पुसली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ते निमूटपणे खुर्चीत बसले, आणि पहिल्याच यादीपाशी गाडं अडलं.

"हे ‘नंतर देतो’ कोण? ‘मोठी मिशी’? ‘छोटी मिशी’? आणि हे ‘घासाघीस काका’?"

वहिनी ओशाळल्या. सुरुवातीला टायपिंगची सवय नव्हती, नावं लांबलचक, माणसं तर डोळ्यांसमोर. म्हणून गिऱ्हाइकांना सुचतील ती नावं ठेवली, ती तशीच राहिली. बिल छापायच्या आधी खरं नाव हाताने घालायचं, बस. "तेवढं विसरू नका हं," त्यांनी बजावलं. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग रोज शिकवणी आणि रोज भांडण. मालक एका बोटाने टकटक करायचे, वहिनींचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. निघायच्या आदल्या दिवशी मालक पडद्याकडे बघतच म्हणाले, "तू नसलीस की मी इथे भांडू कुणाशी?"

"या कॉम्प्युटरशी. उलट बोलत नाही तो," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनाही जड गेलं.

लेकीला मुलगी झाली. वहिनी नातीला घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, घोटाळा झाला," मालक कुजबुजत होते. "बिलावर ‘घासाघीस काका’ छापून आलं. काका समोर उभे आहेत. वाचतायत."

पलंगावरून लेक बघत होती. "जा आई, बाहेर जाऊन बोल," ती शांतपणे म्हणाली. "दुकानाचं असेल." आवाज तोच, ‘जमलं तर’वाला.

वहिनी उठल्या नाहीत. "काकांना द्या फोन," त्या म्हणाल्या. "काका, नाव मी ठेवलंय. चूक माझी. त्यांना बोलू नका."

पलीकडून काका म्हणाले, "असू दे. पण मग नावाला शोभेल असं काहीतरी कमी करा की बिलातून!"

"ते आता मालक बघतील. मला नात झालीय, काका."

वहिनींनी फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी टाकला. लेक त्या पिशवीकडे बघत राहिली.

"किती दिवस आहेस?"

"तू हाकलून देईपर्यंत."

लेकीने सरकून पलंगावर जागा केली. आई शेजारी टेकल्यावर तिने तोंड तिच्या खांद्यात लपवलं.

"मागच्या वेळी मला तू हवी होतीस, आई," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.